श्रीलंका : बाबांच्या तळ्यांच्या मागे मागे

श्रीलंकेचं पॅकेज सगळ्यांचं ठरलेलंच असतं, कोलंबो, कँडी, नुवारा एलिया, बेंटोटा आणि परत, नाहीतर मग रामायण ट्रेल. आमच्या घरात मागण्या वेगवेगळ्या. आईला सीतेचं देऊळ बघायचं होतं, बायकोला डोंगरातली ती फेमस ट्रेन, लेकीला हत्ती, आणि बाबा म्हणाले मला तिथली तळी बघायचीत. मला वाटलं चेष्टा करतायत. पण बाबा पाटबंधारे खात्यातून शाखा अभियंता म्हणून रिटायर झालेत, आख्खी नोकरी मांजरा-तेरणेच्या कालव्यांवर गेली आणि एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी आलं तेव्हा स्टेशनवर बघायला गेलेल्या गर्दीत हेही होते, त्या दिवसापासून पाण्याचा विषय निघाला की जेवण अर्धवट राहतं. त्यांनी कुठेतरी वाचलेलं की श्रीलंकेत दीड-दोन हजार वर्षांपूर्वीची धरणं आजही चालू आहेत. म्हणजे बघायला ठेवलेली नाही, शेताला पाणी देणारी. झालं, तिथून हट्ट.

ऑगस्ट २०२४ चा शेवट धरला, गणपतीच्या आत परत यायचं म्हणून. त्या दिवसात तिकडे पश्चिमेला आणि डोंगरात पाऊस असतो पण मधला-उत्तरेचा भाग कोरडा ठणठणीत, आणि कोरडा असतो म्हणूनच मिन्नेरियाच्या तलावावर हत्ती जमतात. टूरवाल्याकडून नाही गेलो, गाडी आणि ड्रायव्हर ठरवला. पाच माणसं आणि त्यात दोन सिनियर असतील तर हेच करा, उगाच बसच्या वेळा सांभाळत बसू नका.

दिवस पहिला : निगोंबो

विमानतळाचं नाव कोलंबो असलं तरी तो आहे कटुनायकेला, निगोंबोच्या शेजारी, त्यामुळे पहिल्या दिवशी कोलंबोच्या ट्रॅफिकमध्ये शिरायचं काही कारण नाही. घड्याळ बदलायचं नाही, गाड्या डावीकडूनच चालतात, रुपयाच चालतो, फक्त आपला एक म्हणजे त्यांचे साधारण साडेतीन. ड्रायव्हर चाळिशीचा, अतिशय शांत माणूस, लेक त्याला लगेच अय्या म्हणायला लागली, त्यांच्यात दादाला अय्या म्हणतात, आणि मग आम्हीही सगळे अय्याच म्हणायला लागलो, बाबासुद्धा.

निगोंबोत पोर्तुगीजांच्या काळापासूनची कॅथलिक वस्ती, चौकाचौकात चर्च आणि काचेच्या पेटीत संत. किनाऱ्यावर वाळूत काथ्याच्या चटया अंथरून मैलभर मासे वाळत घातलेले. वासाचं मी काही सांगत नाही, कोकणातल्यांना सांगायची गरज नाही आणि आम्हा लातूरकरांना सहन झाला नाही.

व्हेज लोकांसाठी एक गोष्ट आत्ताच सांगतो. तिथे ओल्या खोबऱ्याची जी लाल चटणी प्रत्येक ताटात येते, पोल सांबोल, त्यात बऱ्याचदा उंबलकड म्हणजे वाळवलेल्या माशाचा चुरा असतो. डोळ्यांना दिसत नाही. आई पहिल्याच रात्री खाणार तेवढ्यात अय्याने थांबवलं. त्याने आम्हाला "उंबलकड एपा" असं पाठ करून दिलं, एपा म्हणजे नको, आणि ते वाक्य मग आईने प्रत्येक हॉटेलात इतक्या खणखणीत आवाजात म्हटलं की किचनमधून आचारी बाहेर येऊन बघायचे. बाकी व्हेजची चंगळ आहे. परिप्पू म्हणजे नारळाच्या दुधातली मसूर डाळ, कोवळ्या फणसाची भाजी, तळलेल्या वांग्याचा आंबटगोड मोजू, भाताबरोबर चार-पाच वाट्या येतातच.

दिवस दुसरा : कला वेवा, अवुकन, दांबुल्ला

सकाळी अय्याला सांगितलं कला वेवाला जायचंय, तर तो म्हणाला तिथे टुरिस्ट लोक जात नाहीत, तिथे काही नाहीये. वेवा म्हणजे तलाव. बाबा पुढच्या सीटवर बसून म्हणाले, काही नाही तेच बघायचंय, चला.

कुरुणेगलामार्गे गेलो, तीन-चार तास लागले. आणि मग गाडी एकदम भरावावर चढली. एका बाजूला पाणी, पार क्षितिजापर्यंत, दुसऱ्या बाजूला खाली भाताची हिरवी खाचरं, मध्ये अरुंद रस्ता आणि कडेने कुंबुकची प्रचंड झाडं, पांढरट खोडाची. कुंबुक म्हणजे आपला अर्जुन, पाण्याच्या काठाचं झाड, त्याची मुळं भराव धरून ठेवतात. खाली पायऱ्यांवर बायका छातीपर्यंत कापड गुंडाळून अंघोळ करत होत्या, एक माणूस सायकल धूत होता. बाबा उतरले आणि काही न बोलता चालायला लागले ते आम्हाला गाडीने मागे जावं लागलं.

हा तलाव पाचव्या शतकातला, धातुसेन राजाचा. भराव सहा किलोमीटरच्या आसपास लांब. ह्याच्यातून जो कालवा निघतो, योद एल, तो जवळपास ८७ किलोमीटर जाऊन अनुराधपुर ह्या जुन्या राजधानीतल्या तिस्स वेवाला पाणी देतो, आणि सुरुवातीच्या कित्येक मैलांत त्याचा उतार मैलाला जेमतेम फूटभर, त्याहून कमीच म्हणतात. बाबा तिथेच बसले. म्हणाले, आमच्याकडे लेव्हल मशीन होतं, सर्व्हेअर होते, तरी चारीचं पाणी टेलला, म्हणजे शेवटच्या टोकाला, पोचायचं नाही आणि शेतकरी ऑफिसात येऊन टेबलावर हात आपटायचे. ह्यांनी दीड हजार वर्षांपूर्वी कशाने लेव्हल काढली?

धातुसेनाची गोष्ट अय्याने तिथेच सांगितली. त्याच्या मुलाने, कश्यपने, गादी बळकावली आणि बापाला विचारलं तुझा खजिना कुठे लपवलायस. बाप म्हणाला कला वेवावर ने, दाखवतो. तिथे आणल्यावर तो पाण्यात उतरला, अंघोळ केली, ओंजळीत पाणी घेतलं आणि म्हणाला हीच माझी सगळी दौलत. कश्यपने त्याला भिंतीत चिणून मारलं. त्यांच्या इतिवृत्तात तशी लिहिलेलीच आहे ही कथा. बाबांनी लगेच मला विचारलं, तू काय केलं असतंस? मी म्हटलं बाबा तुमच्याकडे पेन्शन आहे, चिणायचा प्रश्न येत नाही.

जवळच अवुकनची उभी बुद्धमूर्ती, बारा मीटरच्या आसपास उंच, एका खडकातून कोरलेली, पाठीकडे अजून खडकाला चिकटलेली. चुण्या इतक्या बारीक की कापड ओलं होऊन अंगाला चिकटलंय असं वाटतं. असं सांगतात की पाऊस पडला की नाकाच्या टोकावरून पडणारा थेंब बरोब्बर दोन पावलांच्या मध्ये पडतो.

दांबुल्लाला संध्याकाळी चारनंतर जा, कारण वर अनवाणी जावं लागतं आणि दुपारी खडक तापलेला असतो. पाच गुहा, इसवीसनापूर्वी पहिल्या शतकात वलगंबा राजाने लपायला आश्रय घेतला होता आणि परत गादी मिळाल्यावर इथे मंदिर केलं. पहिल्या गुहेत चौदा मीटरचा निजलेला बुद्ध. आपण अजिंठा बघितलेला असतो त्यामुळे चित्रांनी तेवढं दडपून जायला होत नाही, माझं प्रामाणिक मत, पण छतावर खडकाचे जसे उंचवटे-खोलगे आहेत तसंच चित्र वळवत नेलंय त्यामुळे आख्खं छत तंबूच्या कापडासारखं वाटतं. दुसऱ्या गुहेत छतातून थेंब थेंब पाणी पडतं, ते एका भांड्यात धरतात आणि पूजेला वापरतात. आईला तिथे विष्णूची मूर्ती दिसली आणि तिचा जीव भांड्यात पडला, तोपर्यंत तिला आपण नुसते बुद्धविहारच बघणार की काय अशी शंका होती.

दिवस तिसरा : सिगिरिया

बापाला मारल्यावर कश्यपला भाऊ मुगलनची भीती, तो भारतात पळालेला, कधीतरी सैन्य घेऊन येणार. म्हणून जंगलाच्या मधोमध दोनेकशे मीटर उभ्या सुळक्यावर राजवाडा बांधला. राज्य केलं जेमतेम अठरा वर्षं, ४७७ ते ४९५. शेवटी भाऊ आलाच. लढाईत दलदल टाळायला कश्यपने हत्ती वळवला, सैन्याला वाटलं राजा पळतोय, सैन्य फुटलं, आणि त्याने स्वतःचा गळा कापला. आदल्या दिवशी कला वेवा बघितलेला असल्यामुळे मला तर ह्या माणसाबद्दल काडीची सहानुभूती वाटली नाही.

तिकीट डॉलरमध्ये आणि चांगलं महाग आहे, सार्क देशांना सवलत मिळते, पासपोर्ट ओरिजिनल न्या. सकाळी सातला आत शिरलो, त्यानंतर ऊन आणि रांग दोन्ही वाढतात. पायऱ्या बाराशेच्या आसपास.

बाबा पायथ्याच्या बागेतच अडकले. सरळ रस्त्याच्या दोन्ही बाजूंना चौकोनी हौद, आणि कडेला जमिनीत दगडाच्या गोल तबकड्या, त्यांना भोकं. ही कारंजी. वरच्या पाण्याच्या नुसत्या दाबावर चालणारी, आणि पावसाळ्यात अजूनही उडतात. आम्ही गेलो तेव्हा कोरडी होती. पण बाबा गुडघ्यावर बसून भोकात बोट घालून बघत होते, गार्ड आला, त्याला वाटलं पैसे पडले.

अर्ध्या वाटेवर गोल जिना चढून खडकावर रंगवलेल्या त्या प्रसिद्ध अप्सरा. फोटोला बंदी आहे आणि ते उत्तम आहे, कारण त्यामुळे लोक खरंच बघतात. त्यापुढची भिंत मला जास्त आवडली, चुन्याची इतकी घोटलेली की राजा शेजारून गेला तर प्रतिबिंब दिसायचं म्हणून आरसे-भिंत. राजवाडा गेल्यावर शेकडो वर्षं लोक हा किल्ला बघायला येत राहिले आणि त्या भिंतीवर ओळी कोरून गेले, बहुतेक त्या अप्सरांवर जीव जडलेल्यांच्या कविता. सेनरत परणवितान ह्या संशोधकाने त्यातल्या ६८५ वाचून काढल्या. म्हणजे गडावर नाव कोरणारे लोक तेव्हाही होते, पण निदान वृत्तात लिहायचे.

सिंहाच्या पंजांपाशी सपाटी येते. पूर्वी इथे विटांचा आख्खा सिंह होता, त्याच्या तोंडातून वर जायचं, आता नुसते दोन पंजे उरलेत. प्रत्येक नख माझ्या लेकीच्या उंचीला येईल एवढं. गांधीलमाश्यांची पाटी आहे, आवाज करू नका, आणि पाटीखाली एक ग्रुप जोरजोरात घोषणा देत होता. कुठला ते सांगत नाही, भाषा ओळखीची होती. आई तिथेच सावलीत बसली. बाबा मात्र दम खात खात वर आले आणि माथ्यावरचं खडकात कोरलेलं मोठं टाकं बघून म्हणाले, बघ, वर राहायचं म्हटलं की आधी ही सोय, आपल्या गडांवर पण हेच की.

दुपारी रस्त्याकडेला कवठाचा ज्यूस मिळाला. तिथे दिवुल म्हणतात, नारळाचं दूध आणि गूळ घालून घट्ट करतात. आईने दोन ग्लास घेतले आणि महाशिवरात्रीला असंच करायचं जाहीर केलं.

दिवस चौथा : पोलोन्नरुव आणि मिन्नेरिया

पोलोन्नरुवचा इतिहास थोडक्यात असा की तंजावरच्या चोळांनी अनुराधपुर पाडून इथे राजधानी केली, मग १०७० मध्ये पहिल्या विजयबाहूने चोळांना घालवलं आणि तेच शहर पुढे सिंहली राजांचं झालं. त्यामुळे एकाच आवारात चोळांनी बांधलेलं दगडी शिवमंदिर आहे आणि पुढे वटदागे हे गोल स्तूपमंदिर, गल विहार वगैरे. शिवमंदिरात पिंडीला आईने हात लावला, तिथे फुलं ताजी होती. वटदागेच्या पायरीशी अर्धगोल चंद्रशिला, तिच्यावर हंस, हत्ती, घोडे एकामागे एक रांगेत, एवढं बारीक काम आणि त्यावर पाय ठेवून जायचं, मला धीर होईना.

गल विहार म्हणजे एकाच सलग खडकात कोरलेले चार बुद्ध. निजलेल्या मूर्तीच्या उशीवर डोक्याच्या दाबाने पडलेला खळगा कोरलाय. दगडाला उशी मऊ आहे हे दाखवलंय! तिथे मी खरंच गप्प झालो.

पण दिवस पराक्रम समुद्राचा. बाराव्या शतकात पराक्रमबाहूने आधीचे तलाव जोडून हा केला, बंधारा चौदा किलोमीटरच्या आसपास. आकाशातून पडलेला एकही थेंब माणसाच्या उपयोगी पडल्याशिवाय समुद्राला जाता कामा नये, असं हा राजा म्हणाल्याचं त्यांच्याकडे शाळेतल्या पोरांनाही पाठ असतं, अय्याने घडाघडा म्हणून दाखवलं. बाबा म्हणाले पाणी अडवा पाणी जिरवा, आपण पण भिंती रंगवल्या की, आणि मग बराच वेळ काही बोलले नाहीत.

तिथे भरावावर बसून त्यांनी माझ्या बिलाच्या मागे बिसोकोटुवा काढून दाखवला, तो सांगतो कारण मला खरंच डोक्यात शिरला. मोठ्या तलावातून पाणी सोडायचं तर खालच्या मोरीतून ते इतक्या जोरात येतं की मोरी आणि भराव दोन्ही फोडेल. म्हणून भरावाच्या आत एक चौकोनी दगडी विहीर बांधायची. तलावातलं पाणी आधी ह्या विहिरीत येतं, तिथे जोर मरतो, आणि आतली फळी वर-खाली करून पाहिजे तेवढंच पुढे सोडता येतं. हे त्यांच्याकडे दोन हजार वर्षांपूर्वीपासून. हेन्री पार्कर नावाच्या ब्रिटिश इंजिनिअरने हे अवशेष तपासले तेव्हा तोही चाट पडला होता. आणि १९८० च्या सुमारास मदुरु ओया नदीवर नवीन धरणाचं काम चालू असताना खोदताना जुनी मोरी सापडली, नवीन मोरीसाठी निवडलेल्या जागेजवळच. बाबा म्हणाले जागा तीच येणार, पाणी काय दर हजार वर्षांनी उतार बदलतं होय?

दुपारी मिन्नेरिया. हासुद्धा तलावच, महासेन राजाचा, तिसऱ्या शतकातला. लोक त्याला मिन्नेरी देवियो म्हणून पूजतात. तलाव बांधला म्हणून राजाचा देव झाला, आमच्या जिल्ह्यात असं कोणाचं झाल्याचं ऐकिवात नाही.

हत्ती इथे जमतात त्याचं कारण असं की उन्हाळ्यात पाणी मागे हटतं आणि उघड्या पडलेल्या गाळात कोवळं गवत उगवतं. आजूबाजूचं जंगल वाळलेलं, त्यामुळे ऑगस्ट-सप्टेंबरात कळपच्या कळप तिथे. आम्हाला एका नजरेत पन्नास-साठ दिसले. सुळेवाला एकही नाही, तिथल्या नरांमध्ये सुळे फार थोड्यांना असतात. आमच्या जीपपासून वीसेक फुटांवर एक हत्तीण गवत उपटत होती. सोंडेने झुबका धरायचा, पुढच्या पायाच्या नखाने मुळाशी लाथ मारून तोडायचा, मग गुडघ्यावर दोनदा आपटून माती झटकायची आणि मगच तोंडात. पिल्लू शेजारी तेच करायला बघत होतं, त्याला लाथ जमायची पण झटकायचं राहून जायचं. लेक तासभर एक शब्द बोलली नाही, हे आमच्या घरात घडत नाही.

आता वाईट भाग. जीपा. एका कळपाला चोहोबाजूंनी वीस-पंचवीस जीपा, कोणी हत्तींची वाट अडवून उभं, मागून इंजिनांचा धूर. आमच्या जीपवाल्याला मी लांब थांबायला सांगितलं तर त्यालाच नवल वाटलं. दुसरं म्हणजे जीपवाला सांगत होता की वर मोरगहकंदचं नवीन धरण झाल्यापासून मिन्नेरियात उन्हाळ्यातही पाणी जास्त ठेवतात, म्हणून गवताची जागाच बुडते आणि पूर्वीसारखे हत्ती जमत नाहीत, काही शेजारच्या कौडुल्ला तलावाकडे जातात. मला वाटलं बाबा धरणाची बाजू घेतील. ते म्हणाले, आवर्तन, म्हणजे पाणी कधी किती सोडायचं ते, ठरवताना कोणीतरी हत्तींना पण लाभक्षेत्रात धरायला पाहिजे.

दिवस पाचवा : कँडी

इथे पटकन आवरतो. सकाळ प्रवासात, पेरादेनियाची बाग बघितली, रॉयल पामची रांग आणि जावा अंजिराचं अवाढव्य झाड छान आहे, दोन तास द्या. प्रसिद्ध पेराहेरा, हत्तींची मिरवणूक, नुकतीच संपलेली. संध्याकाळी साडेसहाच्या पूजेला दळदा मालिगावात, म्हणजे बुद्धाच्या दाताचं मंदिर. हा दात चौथ्या शतकात कलिंगाहून हेममाली नावाच्या राजकन्येने केसात लपवून आणला असं मानतात. दात दिसत नाही, सोन्याची पेटी दिसते, तीही दोन सेकंद, पण ढोल सुरू झाले की पायाखालची फरशी थरथरते. पांढऱ्या कपड्यातली म्हातारी माणसं, हातात निळ्या कमळांचं ताट, ढकलाढकली जवळपास नाही. आई म्हणाली पंढरपूरला असं झालं तर. बाबा बाहेरच्या तळ्याभोवती फिरून आले, ते तळं १८०७ मधलं, त्यांच्या मते "अलीकडचं".

दिवस सहावा आणि सातवा : नुवारा एलिया, सीता एलिया, एल्ला

घाट चढताना चहाचे मळे सुरू होतात आणि संपतच नाहीत. आधी इथे कॉफी होती, तिच्यावर रोग पडला आणि सगळं चहावर गेलं. जेम्स टेलरने १८६७ मध्ये लुलेकंदरा मळ्यात पहिली लागवड केली. फॅक्टरीत तास गेला, पानं सुकवणं, चुरडणं, आंबवणं, भाजणं, वास इतका सुंदर की बायको निघायला तयार नव्हती. पण मळ्यात पाठीवर पोतं घेऊन खुडणाऱ्या बायका, ज्यांचे आजे-पणजे इंग्रजांनी तामिळनाडूतून आणले, त्या अजून त्याच जुन्या चाळींत राहतात आणि मजुरीवरून त्यावर्षी पण वाद चालूच होता. फोटो काढला की पैसे मागतात असं लोक तक्रारीच्या सुरात लिहितात. अहो, मागतीलच ना.

रंबोड्याला हनुमानाचं देऊळ लागलं, तिथे मोठी मूर्ती आणि समोर दरी. नुवारा एलियात थंडी, पाऊस, धुकं, आणि हॉटेलात गरम पाण्याचा नळ शोभेचा. दुसऱ्या दिवशी सकाळी सीता एलिया. रस्त्यालगत छोटंसं रंगीत देऊळ, मागे झरा, झऱ्याकाठच्या खडकावर खळगे, ते हनुमानाच्या पावलांचे मानतात. त्याच वर्षी मे महिन्यात कुंभाभिषेक झाला आणि त्यासाठी अयोध्येहून शरयूचं पाणी आलं होतं. पुराव्याचं वगैरे मला विचारू नका, आणि तिथे तर मुळीच विचारू नका. आई झऱ्यात पाय सोडून बसली आणि म्हणाली एवढ्या गार पाण्यात बिचारी कशी राहिली असेल. तिला ती जागा पटली, विषय संपला.

मग नानू ओयाहून ट्रेन, एल्लापर्यंत अडीच-तीन तास. सामान घेऊन अय्या रस्त्याने. रिझर्वेशन लवकर संपतं, पण खरं सांगू का, आमचं तिसऱ्या वर्गाचं होतं आणि खिडक्या उघड्या, तेच बरं. पट्टिपोलाला जवळपास १,९०० मीटरवरचं सगळ्यात उंच स्टेशन, तिथपर्यंत बाहेर नुसतं धुकं, कपडे दमट. पुढचा बोगदा ओलांडला आणि पलीकडे लख्ख ऊन! पाऊस डोंगराच्या त्या अंगाला अडतो. बाबा आख्ख्या डब्याला हातवारे करून पर्जन्यछाया समजावत होते आणि समोरची जर्मन मुलं माना डोलवत होती. वडे-वाल्याकडे मसूराचे तिखट वडे, वर सुक्या मिरचीचं तळण, शाळेच्या वहीच्या कागदात बांधून. कागदावर कुठल्यातरी पोराचं सिंहलीतलं गणित, लाल पेनाने चूक केलेलं.

दारात लटकून फोटो काढणाऱ्यांची रांग असते. बोगद्यात आणि झाडांच्या फांद्यांमध्ये ते किती धोक्याचं आहे हे दिसत असून लोक थांबत नाहीत.

एल्लाचा नऊ कमानींचा पूल १९२१ चा, दगड-विटांचा, लोखंड न वापरता. चहाच्या मळ्यातून खाली चालत जा, ट्रेनच्या वेळा टपरीवाल्याला विचारा. एल्ला गाव मात्र आता नुसते कॅफे.

दिवस आठवा : उडवलवे

सप्टेंबरात याला नॅशनल पार्कचा मुख्य भाग बंद असतो, आणि तसंही आम्हाला बिबट्यामागे पळायचं नव्हतं. उडवलवे हेपण धरणच, पण नवीन, साठच्या दशकातलं, त्या पाण्याखाली गेलेल्या जंगलातल्या प्राण्यांसाठी १९७२ मध्ये अभयारण्य केलं. पाण्यात उभे असलेले वाळलेले झाडांचे खांब आणि प्रत्येकावर एक पाणकावळा.

त्याहून बघण्यासारखं म्हणजे अनाथ हत्तींच्या पिल्लांचं केंद्र, १९९५ पासूनचं. दर तीन तासांनी दूध पाजतात, ठरलेल्या वेळी लांबून गॅलरीत बसून बघायचं. हात लावायला, पाठीवर बसायला नाही, मोठी झाली की परत जंगलात सोडतात. गेट उघडलं की पिल्लं कान फडकवत धावत येतात, एकेकाला नळीने दूध, संपलं की व्हायचं बाजूला. एकाने दुसऱ्यांदा रांगेत घुसायचा प्रयत्न केला, माहुताने नुसतं बोट दाखवलं, तो उलट फिरला. पुढच्या एका पायाला कृत्रिम पाय बसवलेला एक होता, फासात अडकून पाय गेलेला.

रात्री 'मी-किरी' खाल्लं, म्हशीच्या दुधाचं मडक्यातलं दही, वर कितुल माडाची काकवी. बाबांना साखर आहे, त्यांनी "चव बघतो" म्हणून मडकं संपवलं.

शेवटचा दिवस : गाले

किल्ला १५८८ मध्ये पोर्तुगीजांनी सुरू केला, नंतर डचांनी भक्कम केला. २००४ च्या त्सुनामीत बाहेरचं शहर धुऊन निघालं पण तटबंदीच्या आतलं गाव बरंचसं वाचलं. डचांच्या जाड भिंतींची घरं आता बुटीक हॉटेलं झालीत, आईस्क्रीम आपल्या तिप्पट भावाने, तरी तटावरून संध्याकाळी चालायला मजा येते. एका बाजूला समुद्र, दुसऱ्या बाजूला खाली क्रिकेटचं ग्राउंड, फुकट मॅच बघायची सोय. त्या दिवशी नुसती पोरांची प्रॅक्टिस चालू होती.

गावभर राष्ट्रपती निवडणुकीची हवा होती, मतदान २१ सप्टेंबरला. एक्स्प्रेस हायवेने विमानतळाकडे जाताना अय्या पहिल्यांदा राजकारणावर बोलला. २०२२ मध्ये पेट्रोलसाठी दोन-दोन दिवस रांगेत गाडीत झोपलो, म्हणाला, टुरिस्ट नाही, गॅस नाही, औषध नाही. कोणाला मत देणार ते नाही सांगितलं. बाबांनी विचारलं शेतीला पाणी होतं का त्या वेळी? पाणी होतं सर, खत नव्हतं, तो म्हणाला. एका रात्रीत रासायनिक खतांवर बंदी घातली होती ना सरकारने आदल्या वर्षी.

खर्चाचं बरेच जण विचारतात म्हणून सांगतो, गाडी-ड्रायव्हर आणि हॉटेलं अंगावर येत नाहीत, पाच जणांत वाटलं जातं, खरा फटका डॉलरमधल्या तिकिटांचा आणि जीप सफारीचा, ते आधी धरून चला. एटीएमपेक्षा विमानतळावर पैसे बदलून घ्या. मोजे न्या, देवळात चपला काढून चालताना उपयोगी पडतात. अनुराधपुर आमचं राहिलं, मुद्दामच ठेवलं असं बाबांचं म्हणणं. चेक-इनच्या रांगेत उभं असताना ते अय्याला जानेवारीतला रेट विचारत होते, फोनवर, मोठमोठ्याने, आणि आई मागून म्हणत होती अहो आधी घरचा गणपती तर बसू द्या.